गाडीत बसलेला माणूस बोलतोय: करुण चंढोक आणि आमचे तात्या

घाटवळण, सातारा (रविवार, रात्री १०:५०)

राम राम मंडळी. बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होतो. आज शर्यत संपली, जेवण झालं आणि बसलोच.

मागे एका धाग्यावर कुणीतरी लिहिलं होतं की करुण चंढोकनं फॉर्म्युला वनमध्ये दिवे काय लावले, अकरा शर्यती आणि शून्य गुण, अन् आता टीव्हीवर बसून जगज्जेत्यांच्या चुका काढतोय. ते वाचल्यापासून मनात रुतून बसलंय. म्हणून हा वेगळा धागा.

आधी त्याची कारकीर्द. करुण चेन्नईचा, जन्म १९८४. घरात शर्यतीची तिसरी पिढी. आजोबा इंदू चंढोक मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लब उभारणाऱ्यांपैकी, वडील विकी रॅलीतले. २००६ ला त्यानं आशियातली फॉर्म्युला व्ही६ मालिका जिंकली, मग फॉर्म्युला वनच्या खालची जीपी टू मालिका, आणि २००७ ला तिथं बेल्जियमच्या स्पाला पहिला आला. स्पा म्हणजे सात किलोमीटरची एक फेरी, डोंगरातला ट्रॅक, या टोकाला पाऊस तर त्या टोकाला ऊन. तिथं जिंकणारा पोरगा नुसता हौशी नसतो.

२०१० ला तो फॉर्म्युला वनमध्ये आला, हिस्पानिया नावाच्या नव्या टीमकडून. त्या टीमनं हिवाळ्यात एकही चाचणी केलेली नव्हती. बहारीनला पहिली शर्यत, आणि त्याची गाडी तिथंच जोडत होते. शनिवारी पात्रता फेरी सुरू झाली तेव्हा तो त्या गाडीत बसून पहिल्यांदा ट्रॅकवर गेला. मी गॅरेजवाला माणूस. इंजिन उतरवून परत बसवलेली गाडी गिऱ्हाइकाच्या हातात द्यायच्या आधी मी स्वतः लिंबखिंडीपर्यंत मारून आणतो. ब्रेक कसा लागतोय, आवाज कुठून येतोय, पायाला काय जाणवतंय, हे बघितल्याशिवाय किल्ली देत नाही. या पोराला ती गाडी अख्ख्या जगापुढं, घड्याळ चालू असताना, पहिल्यांदा कळली. रविवारी दुसऱ्याच फेरीत तो बाहेर गेला. आणि दोन आठवड्यांनी मेलबर्नला तीच गाडी शेवटपर्यंत नेऊन चौदावा आला. पाच फेऱ्या मागे, पण पोचवली. त्या टीमनं पूर्ण केलेली ती पहिली शर्यत.

जुलैत जर्मनीच्या शर्यतीपासून त्याच्या जागी साकोन यामामोतो बसला. पुढच्या वर्षी टीम लोटसकडं राखीव म्हणून गेला, नूरबुर्गरिंगला एक शर्यत मिळाली. संपलं. हिशोब अकराचा.

आता तात्या. तात्या म्हणजे माझे धाकटे चुलते. आमचं मूळ गाव खटाव तालुक्यातलं. तात्या बैलगाडीचे ड्रायव्हर. आमच्याकडं छकडा हाकणाऱ्याला ड्रायव्हरच म्हणतात, बाहेरच्यांना याचं नवल वाटतं. अंगानं किडकिडीत, पण कासरा हातात आला की मनगट लोखंडाचं. एका मैदानात शेजारच्या गाडीनं चाकोरी सोडली, चाकात चाक आलं आणि तात्या फेकले गेले. मांडीचं हाड मोडलं. पाय दीड इंच आखूड झाला. वय बत्तीस.

वर्षभर ते मैदानाकडं फिरकले नाहीत. मग गावच्या जत्रेला समालोचक वेळेवर आला नाही, कमिटीतल्या कुणीतरी तात्यांच्या हातात माईक दिला. माझे वडील सांगतात, पहिले दोन गट तात्या नुसते गाड्यांचे नंबर आणि मालकांची नावं वाचत होते. तिसऱ्या गटाला झेंडा पडला, गाड्या सुटल्या, आणि तात्यांच्या तोंडून गेलं, ‘तीन नंबरचा उजवा बैल कान पाडतोय, गाडी आता डावीकडं वढंल!’ दोन श्वासात ती गाडी डावीकडं गेली. माळावरचं माणूस न् माणूस मागं वळून मंडपाकडं बघायला लागलं. त्या दिवसापासून तात्या आमच्या भागातले समालोचक.

२०१४ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाचा बैलगाडी शर्यतींवर बंदीचा निकाल आला आणि मैदानं बंद झाली. तात्यांचा स्वतःचा माईक होता. जाळी एका बाजूनं चेपलेली, मानेला दोऱ्यानं गुंडाळलेलं लाल फडकं. तो धान्याच्या कोठीवर पिशवीत पडून राहिला. सात वर्षं.

त्या काळात तात्या पायाच्या दुखण्यासाठी साताऱ्याला आमच्याकडं यायचे. मी रविवारी रेस बघायचो, तेही शेजारी बसायचे. इंग्रजी ओ का ठो कळत नाही. २०१९ पासून करुण स्काय स्पोर्ट्सवर आला. एकदा त्याच्या विश्लेषणाचा तुकडा मोबाईलवर लावला होता. चित्र थांबवून तो पडद्यावर बोट ठेवून काहीतरी दाखवत होता. तात्यांनी मोबाईल माझ्या हातातून घेतला, डोळ्याजवळ नेला.

‘ह्यो गाडीत बसल्याला माणूस हाय.’

मी विचारलं, ‘कशावरून तात्या? तुम्हाला तर बोलणं कळत नाही.’

‘बाकीचं गाडीकडं बगत्यात. ह्यो हाताकडं बगतोय.’

मी परत लावून बघितलं. खरंच होतं. तो स्टिअरिंगवरचे हात दाखवत होता. एका वळणात ड्रायव्हरनं दोनदा उलटं सावरलं होतं. म्हणजे मागचे टायर संपत आले, आता दोन-तीन फेऱ्यांत तो टायर बदलायला आत, पिटमध्ये येणार. गाडी बाहेरून झोकात चालली होती, वेळही फारसा पडला नव्हता. हाताला आधी कळलं होतं. कान पाडलेला बैल तो हाच.

म्हणून मला वाटतं, चंढोकच्या त्या अकरा शर्यती शून्य गुणांच्या म्हणून खोडायच्या नाहीत. आज तो जे बोलतो ते तिथनंच येतं. तुम्हाला काय वाटतं ते मोकळेपणानं लिहा.

---

खिल्लार, विटा (रविवार, रात्री ११:२५)

भावा, डोळ्यात पाणी आणलंस. तुझे तात्या कोण ते मी आवाजावरनं ओळखीन बहुतेक. नाव लिहीत नाही. लाल फडक्याचा माईक मी बघितलाय.

---

कृष्णाकाठ, सांगली (सोमवार, सकाळी ७:४०)

घाटवळण, ते वाक्य माझंच होतं. तुम्ही नाव घेतलं नाहीत, पण लपवण्यासारखं काही नाही, म्हणून मीच सांगतो.

तात्यांबद्दल वाचून मनापासून वाईट वाटलं आणि आदरही वाटला. पण माझं मत मी लगेच बदलणार नाही. कारणं सांगतो.

शर्यत शेवटी निकालाची असते. नारायण कार्तिकेयन २००५ ला जॉर्डन टीमकडून आला, भारताचा पहिला फॉर्म्युला वन ड्रायव्हर. इंडियानापोलिसला चौथा येऊन पाच गुण घेतले. मिशेलिन टायरवाल्या सगळ्या टीम सुरुवातीलाच आत गेल्या आणि सहाच गाड्या धावल्या, हे मान्य. पण त्या सहांत तो होता आणि गुण त्याच्या नावावर लागले. त्याच्याबद्दल दोन ओळी कुणी लिहीत नाही, आणि करुण रोज दिसतो म्हणून तो मोठा, हे मला पटत नाही.

दुसरं, समालोचनाला गाडीत बसलेलाच माणूस लागतो असं कुठं आहे? इंग्लंडचा समालोचक मरे वॉकर घ्या. व्यावसायिक ड्रायव्हर नव्हता, जाहिरात कंपनीत नोकरी करायचा. पण पन्नासेक वर्षं त्याच्या आवाजावर लोकांनी शर्यती बघितल्या, २००१ ला थांबला तेव्हा माणसं हळहळली. आमच्या वाळवा भागात एक समालोचक आहेत, त्यांनी आयुष्यात कासरा धरलेला नाही. शाळामास्तर. पण कुठल्या बैलाची आई कुणाच्या गोठ्यातली, कुठला पैरा, म्हणजे बैलांची जोडी, कुठल्या मैदानात फुटला, हे तोंडपाठ. ते बोलायला लागले की म्हातारी माणसं उन्हात उभी राहतात. त्यांचं मोल कमी का?

---

हळदगाठ, सांगली (सोमवार, दुपारी १:१५)

जेवणाच्या सुट्टीत लिहिते आहे.

मी २०१८ पासून कोल्हापूरला मोहिते रेसिंगच्या ट्रॅकवर कार्टिंगला जाते. स्पर्धेत कधी फार पुढे आले नाही, पण सोडलंही नाही. पहिल्या दिवशी दहा फेऱ्या मारून उतरले तर डाव्या बरगड्या निळ्या पडल्या होत्या. कार्टला स्प्रिंग नसते, सीट थेट हाडाला लागते. घरी आईला वाटलं पडले की काय. तेव्हा कळलं की टीव्हीवर जे ‘गाडी वळली’ एवढंच दिसतं, ते आत बसलेल्याच्या अंगातून जातं.

आणि माझी कार्ट ती केवढी. फॉर्म्युला वनमध्ये जोराच्या वळणात पाच जीपर्यंत, म्हणजे वजनाच्या पाचपट भार येतो. डोकं आणि हेल्मेट मिळून सहा-सात किलो धरलं तरी मान तीस-पस्तीस किलो पेलत असते, तेही दर फेरीला. त्यामुळे करुण जेव्हा म्हणतो की ड्रायव्हर इथे दमलाय, त्याचं डोकं बघा कसं बाहेरच्या बाजूला पडतंय, तेव्हा मी माझी मान चोळते.

कृष्णाकाठ दादा, तुमचे मास्तर मला ऐकायचे आहेत, खरंच. पण ते वेगळं काम करतात. ते मैदानाची आठवण जपतात. घाटवळण दादांचे तात्या पुढच्या दोन श्वासांत काय होणार ते सांगतात. दोघांना एका तराजूत कशाला घालायचं?

अजून एक नाव नोंदवते, नाओमी शिफ. २०१९ ला डब्ल्यू सिरीज या महिलांच्या मालिकेत एक हंगाम चालवला. २०२२ पासून स्कायवर. तिला पहिल्यांदा पडद्यावर बघितलं तेव्हा मी माझ्या भाचीला हाक मारून बोलावलं होतं.

---

जुना_रेडिओ, वाई (सोमवार, रात्री ९:०५)

माझं वय जास्त, म्हणून मागचं थोडं सांगतो. ड्रायव्हर माईकपाशी येण्याची ही वाट करुणच्या फार आधी पडली आहे.

जेम्स हंट १९७६ चा जगज्जेता. प्रतिस्पर्धी निकी लाउडापेक्षा एका गुणानं पुढं. जपानमध्ये फूजीला शेवटच्या शर्यतीत पाऊस कोसळत होता, लाउडानं दुसऱ्याच फेरीत गाडी आत आणली, आणि हंट तिसरा येऊन किताब घेऊन गेला. १९७९ ला मोनॅकोनंतर त्यानं शर्यत सोडली आणि १९८० पासून बीबीसीवर मरे वॉकरच्या शेजारी बसला. दोघांना मिळून एकच माईक दिला होता. वॉकर उभा राहून ओरडायचा, हंट बसून शांतपणे दोन वाक्यं बोलायचा, आणि तेवढ्यात शर्यत उलगडायची. कृष्णाकाठ, म्हणजे तुमचा वॉकर काही एकटा नव्हता. त्याच्या बाजूला तेरा वर्षं गाडीत बसलेला माणूस होता. १९९३ च्या जूनमध्ये हंटनं कॅनडाच्या शर्यतीचं समालोचन केलं आणि दोनच दिवसांनी तो गेला. पंचेचाळीसचा होता फक्त.

दुसरा मार्टिन ब्रंडल. या धाग्यात खरं तर तोच हवा. १९८३ ला ब्रिटिश फॉर्म्युला थ्रीमध्ये त्यानं आयर्टन सेनाला शेवटच्या शर्यतीपर्यंत झुंजवलं. सेनानं हंगामाच्या पहिल्या नऊ शर्यती ओळीनं जिंकल्या होत्या, तरी हा हटला नाही. किताब थ्रक्स्टनला ठरला, सेनाचा झाला. पुढच्या वर्षी दोघं फॉर्म्युला वनमध्ये आले. डॅलसला ब्रंडलचे दोन्ही घोटे मोडले. १५८ शर्यती, नऊ वेळा पहिल्या तिनांत, विजय एकही नाही. पण १९९० ला जॅग्वारमधून ल मान्सची २४ तासांची शर्यत त्यानं जिंकली, तेव्हा ‘विजय नाही’ असं सरसकट कुणी म्हणू नये.

१९९६ ला मेलबर्नला पहिल्याच फेरीत त्याची जॉर्डन हवेत उडाली आणि आपटून दोन तुकडे झाले. तो त्यातून बाहेर आला आणि पळत सुटला. कुठं? पिटकडं. दुसरी गाडी घेऊन परत सुरुवातीला उभं राहायला. मी ते बघितलंय. पुढच्या वर्षी तो आयटीव्हीवर समालोचक झाला आणि सिल्व्हरस्टोनला शर्यतीच्या आधी माईक घेऊन गाड्यांच्या रांगेत शिरला. ती चाल आज सगळे करतात. त्याला त्या गर्दीत कुणाला कधी विचारायचं आणि कुणाला एकटं सोडायचं हे कळतं, कारण त्या रांगेत हेल्मेट घालून तो १५८ वेळा बसलाय.

---

घाटवळण, सातारा (सोमवार, रात्री ११:३०)

जुना_रेडिओ काका, तुमच्या पोस्टची प्रिंट काढून गॅरेजात लावणार आहे.

कृष्णाकाठ, तुम्ही स्वतः पुढं येऊन लिहिलंत, बरं वाटलं. राग नाही. नारायणचं तुमचं म्हणणं मला मान्य आहे, त्याच्यावर वेगळा धागा निघायलाच पाहिजे, तुम्हीच काढा. पण करुणचा निकाल नुसता गुणांच्या रकान्यात बघू नका. दोन दिवस सांगतो.

पहिला, १६ मे २०१०, मोनॅको. शर्यत संपायला थोड्याच फेऱ्या होत्या. रास्कास हे तिथलं वळण आपल्या खंबाटकीतल्या जुन्या वळणापेक्षाही आवळ. यार्नो ट्रुलीनं आतून घुसायचा प्रयत्न केला आणि त्याची लोटस करुणच्या गाडीवर चढली. पूर्ण वर. चाक डोक्याच्या किती जवळून गेलं ते फोटो बघून ठरवा. तेव्हा हेलो, म्हणजे डोक्यावरची संरक्षक कमान नव्हती, डोकं उघडं. मागून शर्यतीत पहिला असलेला वेबर येत होता, तोही थोडक्यात सुटला. त्या अपघातामुळं सेफ्टी कार आली आणि शेवटच्या वळणात शूमाकरनं अलोन्सोला मागं टाकल्याचं ते वादाचं प्रकरण घडलं. लोकांना ते प्रकरण आठवतं. खाली कोण होतं ते आठवत नाही. करुण गाडीतून उतरला, आणि पुढच्या शर्यतीला परत त्याच गाडीत बसला. आज एखादा अपघात झाला की तो आधी गप्प राहतो, ड्रायव्हर हलतोय का बघतो, मग बोलतो. ती गप्प राहण्याची वेळ मला फार मोलाची वाटते.

दुसरा, २०११ चा ऑक्टोबर. ग्रेटर नोएडाला बुद्ध सर्किटवर भारतातली पहिली ग्रां प्री. देशाची सगळी आस त्या आठवड्याकडं. करुणला शुक्रवारचं पहिलं सराव सत्र मिळालं. रविवारी गाडी दुसऱ्यांची. नारायण धावला, सतरावा आला, मी त्याच्यासाठी टाळ्या वाजवल्या. पण पहिल्यापासून ज्या घरानं या देशात मोटर शर्यत रुजवली, त्या घरातला पोरगा घरच्या ट्रॅकवर कठड्याच्या अलीकडं उभा होता.

हे मला एवढं का लागतं? तात्या पडले त्या वर्षी त्यांनी खोंडापासून तयार केलेली जोडी मालकानं दुसऱ्या ड्रायव्हरकडं दिली. मालकाचं चुकलं नाही, बैल थांबत नाहीत. पण त्या जोडीनं फायनल मारली तेव्हा तात्या गोठ्यात बसून होते, आणि संध्याकाळी बैल परत आले तेव्हा त्यांनीच त्यांच्या पायाला हळद लावली. आजी सांगायची.

करुणचं पुढंही बघा की. २०१२ ला ल मान्स धावणारा तो पहिला भारतीय, आणि त्याच वर्षी ब्रॅबहम आणि डमब्रेक या जोडीदार ड्रायव्हरांबरोबर सहावा आला. २०१४ ला फॉर्म्युला ई या विजेवरच्या गाड्यांच्या मालिकेची पहिलीच शर्यत बीजिंगला झाली, महिंद्राच्या गाडीत तो पाचवा. माईक धरला म्हणून त्यानं स्टिअरिंग सोडलं नव्हतं.

---

कृष्णाकाठ, सांगली (मंगळवार, सकाळी ६:५५)

मोनॅकोचे फोटो काल रात्री शोधून बघितले. झोप लागली नाही नीट.

‘जगज्जेत्यांच्या चुका काढतोय’ हे मी मागं घेतो. तसं लिहायला नको होतं. मास्तरांबद्दल आणि वॉकरबद्दल मात्र मी ठाम आहे. हंट शेजारी होता हे खरं, पण १९९३ नंतरही लोक वॉकरसाठी थांबलेच ना. हळदगाठ ताई म्हणतात तसं दोन वेगळी कामं, हे मला चालेल.

एक विनंती. तात्यांचा आवाज कुणी टिपून ठेवलाय का? आमच्या मास्तरांचा मी टिपायला सुरुवात केली आहे. ही माणसं गेल्यावर आपल्याकडं काहीच उरणार नाही. फॉर्म्युला वनचं सगळं जपलेलं असतं, आपल्या मैदानांचं कोण जपतंय?

---

खिल्लार, विटा (मंगळवार, दुपारी ३:१०)

१६ डिसेंबर २०२१ ला कोर्टाची परवानगी आली त्या संध्याकाळी आमच्या गल्लीत गुलाल उधळला होता. मग २०२३ च्या मे मध्ये घटनापीठानंही शिक्कामोर्तब केलं. बंदी उठल्यावर नवी पोरं माईकवर आली, गाणी लावतात, बक्षिसाची थार दाखवतात, बकासुर या नामी बैलाचं नाव घेतलं की शिट्ट्या. तेही पाहिजे. पण बैलाचा कान बघणारं आता कोण राहिलंय? आणि अजून एक सांगतो, चाबूक-काठी नाही हा नियम पाळला जातोय का यावर जुने ड्रायव्हरच माईकवरनं ओरडतात. मी ऐकलंय. तात्यांसारख्यांचा तो पण उपयोग आहे.

---

घाटवळण, सातारा (मंगळवार, रात्री १०:२०)

कृष्णाकाठ, टिपलंय थोडं. मोबाईलवरच. वाऱ्याचा आवाज फार आहे.

खिल्लार, अगदी खरं. तात्या माईकवरनं नाव घेऊन सांगतात, ‘सात नंबर, हात खाली! बैल पळतोय त्याच्या मनानं, पळू दे!’ त्यावरनं एकदा भांडणही झालं होतं.

बंदी उठल्यावर पहिल्या मैदानाला तात्यांनी कोठीवरनं पिशवी काढली तेव्हा मी तिथं होतो. फडक्याला उंदरांनी कुरतडलं होतं. वायर पार गेलेली. मी गॅरेजातनं सोल्डर आणून जोडली, जाळी पक्कडीनं सरळ करू म्हटलं तर म्हणाले, ‘ऱ्हाऊ दे, तोंडाला सवय हाय.’ नवीन फडकं काकूनं जुन्या पातळाचं फाडून दिलं.

आता आवाज बसतो. दोन गट झाले की पाणी प्यावं लागतं. म्हणून गावातला एक बारावीचा पोरगा शेजारी उभा करतात. पोराला नावं पाठ आहेत, आवाज खणखणीत आहे, पण सुटली की नजर पुढच्या गाडीवर जाते. तात्या त्याच्या मानेला धरून हळूच तोंड वळवतात. बैलाच्या डोक्याकडं. गेल्या मैदानात त्या पोरानं पहिल्यांदा बरोबर सांगितलं. पाच नंबरचा डावा. तात्या काही बोलले नाहीत, माईक त्याच्याच हातात ठेवला आणि खुर्चीवर बसले.

येत्या रविवारी आमच्याकडं मैदान आहे. कोण येणार असेल तर गॅरेजवरनं सकाळी सहाला निघू. माझ्या गाडीत पाच माणसं मावतात, पण पुढची सीट तात्यांची, त्यांना पाय लांब करावा लागतो. कृष्णाकाठ, मास्तरांना घेऊन या. मंडपात दोन खुर्च्या ठेवायला सांगतो.

---

कृष्णाकाठ, सांगली (मंगळवार, रात्री १०:४५)

मास्तरांना आत्ताच फोन केला. येतो म्हणाले. पहाटे साडेतीनला निघावं लागेल, निघू.

---

हळदगाठ, सांगली (मंगळवार, रात्री ११:००)

मला आणि भाचीला तुमच्या गाडीत घ्या दादा. माझ्याकडे आवाज टिपायचं चांगलं यंत्र आहे, वाऱ्यासाठी वर घालायची लोकरी टोपीसुद्धा. घेऊन येते.